गेज गरम आहे

गेजला दोन टोकं असतात.
एक भोकात जायलाच हवं,
दुसरं जाता कामा नये. लाल पट्टा असतो त्याला.
अंबडच्या आमच्या कारखान्यात
सव्वीस वर्षं मी एवढंच बघतोय,
काय जातंय, काय जात नाही.

यात फसवायला जागा कुठे, वाटेल तुम्हाला.
आहे.
निकममामांनी दाखवली होती मला,
जानेवारीतल्या तिसऱ्या पाळीत.
पांडवलेणीकडून वारा सुटलेला,
जॉब रात्रभर शेडबाहेर, हात लावला की चटका बसावा इतके गार.
"गेज खिशात ठेव," मामा म्हणाले, "आणि चहा पिऊन ये."
अंगाच्या उबेनं पोलाद फुगतं,
थंडीनं भोक आकसतं,
दहा मायक्रॉनची सोय होते.
एका केसाचे उभे सात-आठ चिरे करा, त्यातला एक.
लाल टोक अडलं. मी सही केली.

पुढे काय झालं, सांगतो.
काही नाही.
चाकणहून तक्रार आली नाही,
कुठे गाडी उलटली नाही,
कुणाची आई दारात येऊन रडली नाही.
ते बुश अजूनही कुठल्यातरी रस्त्यावर
मुकाट फिरत असतील.
काही घडलं असतं तर निदान गोष्ट झाली असती,
नव्या पोरांना सांगता आली असती.
माझ्याकडे नुसतं एक 'काही नाही' आहे
आणि त्याच्या जिवावर केलेल्या पुढच्या सह्या.
त्या मी मोजल्या नाहीत.
मी, जो सगळं मोजतो.

धामणेसाहेब वाईट नाहीत, हेही लिहून ठेवतो.
लॉकडाउनात मशीन बंद आणि पगार चालू,
त्यापायी गंगापूर रोडचा प्लॉट गेला त्यांचा.
बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात,
दंड मात्र त्याच दिवशी लागतो.
'खोटं कर' असं ते एकदाही म्हणाले नाहीत.
"बघून घे रे, खैरनार," एवढंच.
बघून घे.
मी काय बघायचं ते मीच ठरवलं.

यंदा पौषात हर्षाली बागूल आली,
दिंडोरीची, आयटीआय झालेली, स्वेटरवर ॲप्रन.
महिनाअखेर. अडीचशे नग.
पिकअपवाला गेटवर हॉर्न देतोय.
मी खिशातून गेज काढला, लाल टोक लावलं, अडलं.
"बघ," म्हटलं, "आता तू कर."
तिनं गेज हातात घेतला
आणि थांबली.
"सर, गेज गरम आहे."

आरोप नव्हता त्यात.
दूध कोमट आहे म्हणावं, इतकं साधं.
पण सव्वीस वर्षांत
माझा खिसा कुणी असा तपासला नव्हता.

"हो," म्हणालो.
आणखी काही सुचलं नाही.
मग दोघांनी जॉब आत आणले,
ग्रॅनाइटच्या टेबलावर मांडले, शेजारी गेज.
दोघांचं तापमान एक होऊ द्यायचं असतं,
हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.
तासभर लागतो.
तासभर काहीच करायचं नसतं,
तेच अवघड.
हॉर्न वाजत राहिला. साहेबांचा फोन दोनदा.
हर्षालीनं डब्यातली तिळाची वडी मोडून अर्धी दिली.
गूळ जरा जास्त झाला होता.

मग लाल टोक लावलं.
गेलं. आवाजसुद्धा न करता.
अडीचशेपैकी शहाण्णव.

तिनं तांबडा टॅग लिहिला, सही केली,
हात थोडा हलला.
खाली एक ओळ मोकळी होती, 'पडताळणी'.
एरवी तिथे मी नुसता एक फराटा मारतो.
आज पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

फोन तिसऱ्यांदा वाजतोय.
तिनं माझ्याकडे बघितलं.
"मी बोलतो," म्हटलं.
काय बोलणार, अजून ठरलं नाही.
गेजला तेल लावून पेटीत ठेवलाय,
आणि खिशात हात घातला तर
खिसा गार लागतोय.