लाइनवर राहा

चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात,
कानाला हेडफोन, समोर छिद्रांचा बोर्ड,
मी लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली.
गोंदियाचं बाळंतपण इतवारीला,
इतवारीचा सोन्याचा भाव अकोल्याला,
मयत, नापास, मोडलेली सोयरीक,
सगळं तीन मिनिटांत, घाईनं, ओरडून.
मला एकच वाक्य बोलायची परवानगी होती:
लाइनवर राहा.

निवृत्त झाले, वाटलं, आता शांतता.
मोहननगरात मागच्या बाजूची खोली घेतली.
खिडकीत कडुनिंब, भिंतीवर क्रूस,
एक ताट, एक वाटी, एक खुर्ची.
दुसरी मुद्दामच घेतली नाही.
फादर इग्नेशसना म्हटलं, मठात जायचं वय गेलं,
पण आता एकटीनं राहीन, त्याच्यासाठी राहीन.
ते म्हणाले, बरं.
मग चष्मा पुसत म्हणाले, भाडं किती?

पहाटे पाचला प्रार्थना, सहाला मिस्सा,
दुपारी वरण-भात, मग मौन.
वहीत लिहिलं, रेघा मारून,
शिफ्टचं वेळापत्रक लिहायचे तसं.

राखेच्या बुधवारनंतर पंधरा दिवसांनी
येनुरकरांनी कूलर लावला.
मधल्या चार फुटांच्या बोळीत, लोखंडी स्टँडवर,
पाठ माझ्या खिडकीकडे.
पंपाची घरघर, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास,
आणि माझ्या भिंतीवर ठिबकणारं पाणी.
नागपुरात एप्रिलमध्ये कुणाला
कूलर बंद करा म्हणायचं
म्हणजे श्वास घेऊ नका म्हणायचं.
म्हणून म्हटलं नाही.
वहीत त्यापुढे लिहिलं: सहनशीलता.

पण जपमाळेच्या तिसऱ्या दशकात
बोट मण्यावर आणि मन बोळीत.
मनातल्या मनात मी रोज त्याची वायर कापली.
कात्री कुठली, तेही ठरलेलं होतं.
येनुरकरांची सून गेटाशी म्हणाली,
तुमच्याकडे पाहून किती शांत वाटते जी, मावशी.
मी हसले.
ते हसूही पापकबुलीत सांगावं लागलं.

जाळीपलीकडे फादर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, रोज एक बादली पाणी
त्यांच्या कूलरात टाका. बस.

विचारायला गेले तर सून रडायलाच लागली.
दोघंही ड्युटीवर, मावशी,
दोन वाजता टाकी रिकामी होते,
आणि बाबा आत पडून असतात.

मग मे महिनाभर दुपारी दोनला
डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बोळीत उतरले.
बादलीची कडी पोळायची.
पाणी पडलं की घरघर थोडी खाली यायची
आणि आत खाट करकरायची.
एकदा आतून आवाज आला, कोण?
माझ्या तोंडून सवयीनं निघालं,
लाइनवर राहा.
म्हातारे हसले की खोकले, कळलं नाही.

पुण्य वगैरे काही वाटलं नाही.
खांदा दुखला.
किती दिवस तर चीड बादलीबरोबर नेली
आणि रिकाम्या बादलीत परत आणली.
वहीत काय लिहावं सुचेना,
ते पान कोरंच आहे.

ऑक्टोबरात त्यांनी कूलर काढला,
गोणपाटात बांधून गच्चीवर टाकला.
आता खोली खरंच शांत आहे.
इतकी, की पाल चुकचुकली तरी दचकते.
गुडघे टेकते, आणि प्रार्थना लागत नाही.
दोन वाजले की हात बादलीकडे जातो.
पलीकडून कुणी काही बोलत नाही.
पूर्वी असं झालं की मी दोनदा हॅलो म्हणून
प्लग उपसून टाकायचे.
आता नाही उपसत.

भिंतीवर ओलीचा मोठा डाग राहिलाय.
परवा चुना लावायला माणूस आला होता.
त्याला चहा दिला,
खुर्चीवर बसवलं, मी उंबऱ्यात बसले,
आणि म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू.