सोल

तिकडच्या पैशाला सोल म्हणतात, मल्लिनाथ सांगत होता,
आणि मी शेंगा सोलत होते.
म्हटलं, बरंय की ओ,
अर्धं सोलापूर तुझ्या आधीच पोचलेलं.
तो हसला.
लिमाहून हसू इथं यायला
अर्धा सेकंद लागतो.

एक सोल म्हणजे तेवीस रुपये, धरून चाल.
मी धरलं.
किराणाच्या वहीचं मागचं पान उलटून
दोन रकाने आखले: तुझं, माझं.

खोली, पंधराशे सोल.
समुद्र दिसत नाही. दिसला असता तर दुप्पट.
साडेचौतीस हजार, मी मांडलं,
आणि रुपयात काही कळेना म्हणून
भाकरीत मांडलं.
कडक भाकरी, दहाला एक.
तीन हजार चारशे पन्नास.
दिवसाला मी दोनशे थापते.
म्हणजे सव्वासतरा दिवस माझा तवा
त्याच्या एका महिन्याच्या छपरापायी तापायचा,
आणि वीज, बस, फोन,
परदेशी माणसाचा तो दरवर्षी नवा करायचा कागद
अजून बाकीच.

रिक्षा आहे गं अक्का, आपलीच, तीन चाकी,
फक्त भाव स्पॅनिशमध्ये सांगते.
मग घासाघीस?
ती मी कन्नडमध्ये करतो. चालते.

इथं अक्कलकोट रोडला माग जोडायचा, तिथंही माग जोडतो.
दुकानात टॉवेल उलटा करून काठाची शिलाई बघतो
आणि घडी घालून परत ठेवतो.
नव्वद सोल एकाला.
एवढ्यात आमच्या गल्लीतलं अख्खं लग्न
पुसून कोरडं होईल.

परवा चटणी पाठवायला गेले.
चटणी आठशेची, कुरिअर सहा हजारांचं.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, मावशी, आत काय?
शेंगा, लसूण, तिखट.
पोराच्या तोंडाला पाणी सुटलं.
एक पुडी त्याला दिली, बाकी घरी आणली.

तर मल्लिनाथ म्हणतो, शेंग मूळची इकडचीच, अक्का.
इथं शेंगदाण्याला मानी म्हणतात.
असणारच, म्हटलं.
इतकी वर्षं आपल्या मातीत राहिली,
भाडं नाही, कागद नाही,
चटणी होऊन सोलापुरी म्हणवून घेते,
आणि पिकायची वेळ आली
की अजून तोंड लपवून जमिनीखाली जाते.

रात्री वही पुन्हा काढली.
सकाळी पाव, दोन सोल.
दुपारी ताट, पंधरा सोल, त्यातच सूप.
त्याखाली एकदम खोलीभाडं.
मधली एक ओळ नाही.
त्यानं सांगितली नव्हती,
आणि भाकरी विकणारी बाई मी,
मी विचारली नव्हती.
बेरीज न मारता पान मिटलं.

सकाळी सहाला माझी चूल पेटते,
तेव्हा तिथं आदल्या संध्याकाळचे साडेसात.
फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला.
ऊटा आतेन, तम्मा?
हां, अक्का.
अर्ध्या सेकंदापेक्षा जरा उशिरा आलं ते.
तू थाप, म्हणाला, मी नुसता बघतो.

थापत राहिले.
अकराव्या भाकरीला, तव्यावर ती फुगली तेव्हा,
पलीकडून काहीतरी गिळल्यासारखा आवाज आला.

नेटवर्क असेल.