लगतधारक

रात्री अकराला शर्वाणी म्हणाली,
बाबा, आज जगाच्या कडेला जायचं.
मी म्हटलं, भांडी राहिलीत.
म्हणाली, वारा पाठीवर आहे, पुन्हा मिळणार नाही.

भांडुपला, तिसऱ्या मजल्यावर,
तापलेल्या लॅपटॉपखाली पोळपाट ठेवून
आम्ही बापलेक निघालो.
बोटीचं नाव कोळंबी. शिडावर लाल पट्टे, नाळेवर लाकडी ड्रॅगन,
सुकाणूशी शिंगांचं शिरस्त्राण घातलेली माझी दहावीतली मुलगी,
जिला खरं पोहता येत नाही.

मी सिटी सर्व्हेत. सव्वीस वर्षं हद्दी कायम करतोय.
जिच्यावर कुणी उभं नव्हतं
अशी एक हद्द पाहिली नाही.
कुणाची मोरी, कुणाचा जिना,
कुणाची तुळस मुद्दाम नऊ इंच पुढे सरकवलेली.
मोजणीआधी लगतधारकांना नोटीस लागते.
पोच घ्यावी लागते. घेत नसतील तर
दारावर डकवावी लागते.

इथे कुणाला द्यायची?

तासभर नुसतं पाणी.
एकदा बोटीखालून साप गेला, हिरवा, ऐरोलीच्या पुलाएवढा.
तिने बाण मारले, मी चहा ओतला.
नकाशा आमच्यामागे उलगडत होता,
जुन्या शीटवर थेंब पडला की शाई फुटत जाते तसा.
तिचं जग गोल आहे, ताटासारखं,
फक्त ताटाला काठ नाही.

कोणी काढली ही हद्द?
गेमवाल्यांनी.
मोजली कशी?
बाबा, एक आकडा टाकला असेल. मध्यापासून इतके मीटर, संपलं.
हद्द झाली, मी म्हणालो.
ना साखळी, ना झेंडा, ना पंचांच्या सह्या.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, कांजूरच्या मिठागरापाशी,
घरत साहेबांनी मला झेंडा देऊन पुढे पाठवलं होतं.
अजून पुढे, अजून, बांधावरून ओरडत.
चिखल घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग पट्ट्याच्या बकलापर्यंत.
शीटवर तिथे रेघ नव्हतीच,
तिरक्या अक्षरात एकच शब्द: खाजण.
मी वळून पाहिलं. साहेब दुर्बिणीतून
माझ्याकडे नाही, माझ्या पुढे बघत होते.

मग प्रवाह लागला.
शीड उतरवलं तरी कोळंबी ओढली जात होती.
पुढे पाणी, आणि त्यापुढे
पाणी संपल्याचा उजेड.
खांब रोव, मी म्हणालो, निशाणी पाहिजे.
तिने रोवला. लाल अक्षरं उमटली: जागा योग्य नाही.
हेच आम्ही अर्ज परत करताना लिहितो.

आता वळव.
वळत नाही.
शर्वा.
बाबा, वळत नाहीये! आणि ती हसत होती,
हेडफोन एका कानावर,
एका पायाची बोटं दुसऱ्या पायावर घट्ट.

कोळंबी कडेवरून गेली.
आवाजच झाला नाही.

ती जागी झाली आपल्या झोपडीत, गवताच्या बिछान्यावर, रिकाम्या हातांनी.
कुऱ्हाड, धनुष्य, मधाचे बुधले,
भाजलेली रानडुकराची तंगडी
सगळं तिच्या थडग्यात, आणि थडगं हद्दीबाहेर.
आणायला जायचं का?
नाही मिळत ते. तिथे कुणाचंच काही नसतं, बाबा.
आणि जांभई देत ती झोपायला गेली.
मी भांडी घासली. दोन वाजले होते.

सकाळी गावदेवी रोडला मोजणी.
चतुःसीमा लिहीत होतो: पूर्वेस नाला,
पश्चिमेस पाटकरांची भिंत, दक्षिणेस रस्ता.
उत्तरेस आलो आणि पेन थांबलं.
पत्र्याचं कुंपण. वर एक ओला टॉवेल.
मी हाक मारली, कोण आहे हो पलीकडे?

काही वेळ काहीच नाही.

मग एक बाई, चिडलेली, हाताला पीठ,
कुंपणावरून डोकावून म्हणाली,
नोटीस कसली? मी सही करणार नाही!
आणि मला, खरं सांगतो,
फार बरं वाटलं.