सत्तेचाळीस नंबर

उदगीरच्या सराफ लाइनीतल्या व्यंकटकडून काटा आणलाय मी,
दोन दिवसांसाठी म्हणून. झाले त्याला आठ महिने.
नथीतला मोतीसुद्धा तोलतो हा काटा,
फुंकर मारली तरी आकडा हलतो.

दुकान माझं किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर:
वह्या, पेनं, झेरॉक्स, रिचार्ज,
आणि दारात माळेनं टांगलेल्या
वादळवीरांच्या पुड्या. पुडी दहाला, आत पत्ते पाच.
साठ वीर एकूण. एकोणसाठ साध्या कागदाचे.
सत्तेचाळीस नंबरचा वावटळ्या तेवढा चंदेरी वर्खाचा,
आणि वर्खाला वजन असतं.

रात्री शटर अर्धं ओढून मी पंखा बंद करतो.
एकेक पुडी काट्यावर.
अकरा ग्रॅम तीस, अकरा तीस, अकरा एकतीस,
मग एखादी अकरा बावन्न.
ती गल्ल्याखालच्या डब्यात जाते.
तिथून सुरतेला, कोइमतूरला,
ज्यांनी पत्त्यांचा डाव कधी मांडलाच नाही अशांकडं,
तीन हजाराला, कधी चार.
बाकीच्या सकाळी दारात टांगतो
पोरांसाठी.

चोरी नाही ही. पुडीवर कुठं लिहिलंय
की न तोलता विकावी?
बायकोला असंच सांगितलं मी.
ती शेंगा फोडत होती.
म्हणाली, मी कुठं काय विचारलं.

मन्मथ येतो दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की.
पानगावे टेलरचा धाकटा.
दातानं पुडी फाडतो, डोळे मिटून
आधी शाईचा वास घेतो, मगच बघतो.
चौरेघी वहीत साठ आकडे, एकोणसाठांवर खूण.
पत्ते हाताळून हाताळून जुन्या नोटेसारखे मऊ,
एकावर हळद, एकावर सायकलच्या चेनचं ऑइल.
माझ्या हिशोबात असल्या पत्त्याची किंमत शून्य.
"काका, सत्तेचाळीस कुणालाच निघत नाही का हो?"
"निघंल की. नशीब पायजे."
तेव्हा माझ्या गुडघ्यापाशी, डब्यात, चार होते.

एकदा काय वाटलं कुणास ठाऊक,
जड पुडी लावली माळेत, सगळ्यात खाली, त्याच्या हाताशी.
त्याचं बोट तिच्यावर आलं. थांबलं.
मी झेरॉक्सचं झाकण उगाच उघडलं, मिटलं.
मग त्यानं शेजारची ओढली.
संध्याकाळी ती मी परत डब्यात टाकली.
हेही सांगून टाकलेलं बरं.

चैत्र संपता संपता आला तो हसतच.
"झाले साठ."
शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा, बापाच्या कात्रीनं नेमका कापलेला,
त्यावर स्केचपेननं काढलेला सत्तेचाळीस.
किल्ल्यापुढचं मैदान. तुरीचं भुसकट, गुटख्याच्या पुड्या,
कुणाची तरी लग्नपत्रिका, एक चप्पल,
सगळं गरगरत वर चाललेलं
आणि मधोमध कुणीच नाही.

तेव्हा मात्र डबा उघडला मी.
अस्सल ठेवला काउंटरवर, प्लॅस्टिकच्या जाकिटातला.
निळा राक्षस, फुगवलेले दंड, हातात तलवार.
"घे. पैसे नको."
त्यानं उजेडात धरला. वर्ख तिरका करून पाहिला, दोनदा.
आपला शेजारी ठेवला.
"वावटळ अशी नसती, काका," म्हणाला,
हळूच, चार गिऱ्हाइकांत माझी चूक निघू नये असा,
आणि आपला उचलून खिशात घातला.

अस्सल सोमवारच्या पार्सलनं कोइमतूरला गेला.
एकतीसशे आले. लाइटबिल भरलं.
व्यंकट अधूनमधून काट्याचं विचारतो.
देतो म्हणतो मी, देतो.

काल शटर ओढून पंखा बंद केला
आणि पुड्या न काढताच बसून राहिलो.
रिकाम्या काट्यावर आकडा हलत होता.
माझाच श्वास असणार.