वरची चार बोटं

"डोळ्यात भरलं पाहिजे," उखळकर बाई म्हणाल्या
आणि चष्मा शोधू लागल्या, जो कपाळावर होता.
दिवाळी अंक, पानं दोनशे आठ.
ती सगळी त्यांची.
त्यांच्यावरचं एक माझं.

पहिल्या खेपेला पणती घेतलेली बाई.
"ही मागल्या वर्षी होती."
नव्हती. पण असायला हरकत नव्हती,
कुठल्याही वर्षी.
दुसऱ्या खेपेला संत्रं, सोलताना उडालेला तुषार.
"पर्यटनाचं पत्रक वाटतं."
तिसऱ्यात मी होतं नव्हतं ते घातलं:
सोनेरी शाई, वाघाचा डोळा,
नावाला सावली, सावलीला पुन्हा कड.
बाईंनी कागद हातभर लांब धरला.
"हे भरत नाही हो. खुपतं."

मग मी सीताबर्डीला जाऊन
ढोकेच्या स्टॉलसमोर दोन तास उभा राहिलो,
शेजारच्या टपरीवरचा उधारीचा चहा घेऊन.
ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.
मेट्रोच्या खांबाची सावली सरकत सरकत
चपलावाल्यापर्यंत गेली.
ढोके अंक लावतो दोरीवर, चिमट्यानं,
उलट्या घातलेल्या कौलांसारखे:
मागच्याचं तेवढंच दिसतं
जेवढं पुढच्यानं सोडलं.
मी हात लावून मोजलं.
चार बोटं.

वीस वर्षं अख्खं पान रंगवत आलो
आणि गाव चार बोटं बघत होतं.

"मंग? तुम्हाले कोनी सांगतलं नाही काय?"
ढोके म्हणाला, आणि सुटे मोजू लागला.

इतवारीत, प्रेसवर, पुंडलिक नंदनवार
कुणाच्या तरी कॅलेंडरची पिवळी प्लेट चढवत होता.
घासलेटच्या बोळ्यानं हात पुसत बोलला,
माझ्याशी की मशीनशी, कोण जाणे:
"आमच्या गल्लीत पाजणी लागे, गोळीबार चौकात.
या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं,
वरून खळीचा कुंचला.
पोस्टमन येवो का जावई येवो,
सायकलवरून उतरे, वाकून जाय.
कोनी तोडून नाही गेला, बाप्पा."

रात्री मी पान पिवळं केलं.
वरच्या चार बोटांत नऊ रेघा, कुंकवाच्या रंगाच्या,
डाव्या कडेबाहेरून आलेल्या,
उजव्या कडेबाहेर गेलेल्या.
खाली, जिथे दुसऱ्याचा अंक झाकणार,
तिथे एक माणूस: एका हातात सायकल,
दुसऱ्यात टोपी, पाठ वाकलेली.
तोंड काढलं नाही.
वाकलेल्याचं दिसतही नाही.

"नुसत्या रेघा?" बाईंनी चष्मा लावला.
पान वर केलं, खाली केलं,
मग हातानं खालचा भाग झाकून पाहिला, आपणहून.
गप्प बसल्या.
बाईंचं गप्प बसणं म्हणजे छापा.

पुंडलिकनं लाल दोनदा दिला.
लाल फिका आला तर सूत तुटते, म्हणाला.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पुन्हा ढोकेकडे.
साठ-सत्तर पणत्या, तितक्याच नथा,
आणि मधेच ते पिवळं,
रस्त्याच्या पलीकडून दिसणारं.
"किती गेले?"
"सहा."
"म्हणजे बरे का वाईट?"
"सहा," तो म्हणाला.

एक पोरगा थांबला, पाठीला क्लासची बॅग.
रेघांकडे पाहिलं. खाली काय असेल म्हणून
मान तिरपी केली,
पुढचा अंक एका बोटानं उचलला,
गुडघ्यात वाकला,
आणखी वाकला,
एक हात मागे, बॅग सावरायला.

मग किंमत पाहिली
आणि गेला, चौकाकडे, ताठ.

मी चहाचे पैसे दिले.
मागचेही.