चाकं नकोत

कप्तान होशंगने यादी पाठवली, पहिलीच ओळ:
चाकांची बॅग आणू नये. कडक कोपऱ्यांची तर मुळीच नाही.
मुसाफिरखान्याच्या गल्लीत एकतीस वर्षं
मी चाकं आणि कोपरेच विकत आलोय.
कालिंदी हसली नाही. म्हणजे हसली,
पण पाठ करून, चष्मा पुसत.

मुंबई ते मालवण, शिडाच्या बोटीवर आठ दिवस.
ती, फरीदा, आणि फरीदाच्या बँकेतली मार्था.
मी नाही. मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा
जेटी सुटायच्या आधी मला लिंबू लागतं.
तेव्हा माझ्या वाट्याला बॅग भरणं आलं.

बोटीतला कप्पा: दीड फूट, एक फूट, वीतभर उंच.
मी पट्टी घेऊन पलंगावरच्या चादरीवर
शिंप्याच्या खडूने तेवढा चौकोन आखला
आणि एकेक वस्तू त्यात उभी करून पाहिली.

टर्किश टॉवेल बाद. त्या दमट हवेत तो आठ दिवस
रुसलेल्या पाहुण्यासारखा ओला बसून राहील.
त्याऐवजी दोन पंचे, झटकले की वाळणारे.
जीन्स बाद. छत्री बाद (फरीदाने विचारलं होतं).
लांब बाह्यांचे सुती सदरे, माझेच, कॉलरी विरलेल्या.
टोपी, टोपीला नाडी. चष्मा, चष्म्याला नाडी.
इतक्या नाड्या पाहून ती म्हणाली, मलाही एक बांध.
मी सनस्क्रीनचं झाकण घट्ट आहे का बघत होतो.
विषय तिथेच राहिला.

खारा जोड एक, गोडा जोड एक, हे होशंगचं गणित.
दिवसाचे कपडे मिठाचे, ते मिठाचेच राहणार,
वाळले म्हणेपर्यंत हवेतलं पाणी पिऊन पुन्हा ओलसर.
झोपायचा जोड पिशवीत, गाठ मारून, वेगळा.
त्याला समुद्र लागू द्यायचा नाही.
हे मला लगेच पटलं.
दुकानातही एके काळी आम्ही दोन वह्या ठेवायचो.

सुंठ. आमसुलं. आलेपाक.
उलटीच्या गोळ्या, वर माझ्या अक्षरात: अर्धीच.

दुपारी धुरपदाबाय बोंबील घेऊन आली,
पाटी उतरवता उतरवता दारातूनच पलंगाकडे पाहिलं.
कुठं निघाली गो ताई?
दर्यात. सुट्टीला.
तिने बोंबील मोजणं थांबवलं.
"आमचा मानूस दर्यातून घरा येतो,
त्याला आम्ही सुट्टी बोलतो."
मग दोन जास्तीचे टाकले. का, ते मी विचारलं नाही.
पाटी डोक्यावर घेताना म्हणाली,
रातचं पान्यावर गार लागतं, कानाला दे काय तरी.

होशंगच्या यादीत कान नव्हते.
महाबळेश्वरला एकदाच घातलेला माझा मफलर
मी चौकोनात ठेवला. तो मावला.

दुकानातला काटा घरी आणला होता: सहा किलो दोनशे.
मऊ पिशवी, मी कधी विकली नाही तसली,
तिच्यात नफा नसतो.
कोपऱ्यात मुठीएवढी जागा उरली,
तिथे मी तीन आकड्यांचं पितळी कुलूप ठेवलं.
तिने ते काढून माझ्या हातात दिलं.
कुणापासून? एवढंच म्हणाली.

सकाळी रेडिओ क्लबच्या जेटीवर
छोट्या होडीत बसली, पिशवी मांडीवर, दबून बसलेली.
इतकी वर्षं माणसं निघाली की मला ऐकू येतं:
फरशीवर चाकं, जिन्यावर चाकं, टॅक्सीच्या डिकीचा धप्प.
ती निघाली तेव्हा काहीच वाजलं नाही.
मी उगाच दोनदा हात केला.

अकराला दुकान उघडलं.
दुबईला निघालेला एक पोरगा
निळ्या बॅगेवर टिचकी मारून म्हणाला,
काका, आत पाणी जातं का?
एरवी मी सांगतो, थेंब नाही.
बोटांना अजून खडू होता.
बघायला हवं, मी म्हटलं.