सातव्या दिवसाचं गवत

तिंदूफच्या छावणीत टँकर आता बारा दिवसांनी येतो.
नुएना मापानं पाणी वाटते,
आधी चहाला, मग पोरांना,
मग पत्र्याच्या शेडमधल्या ट्रेंना.

ट्रेमध्ये सातू. खाली माती नाही,
वाळूसुद्धा नाही. नुसतं भिजलेलं बी
एकमेकांच्या अंगावर रेलून उगवलेलं.
तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो,
तेव्हा ती दार किलकिलं ठेवते
आणि बुरशीला शिव्या घालते.

बाहेर शेळ्या.
दोन वर्षांपूर्वी यांनीच खाल्ली
रेशनची खोकी, एक चप्पल,
आणि शाळेतल्या नकाशाचा समुद्राकडचा भाग.
दूध तेव्हा निळसर यायचं.
पाऊस नव्हताच; आणि आला तेव्हा असा
की कच्च्या विटांची घरं
एका रात्रीत विरघळून पुन्हा जमीन झाली.
कुणाची, ते मात्र ठरलं नाही.

सातव्या दिवशी ती अख्खी चटई उचलते :
वर हिरवं, खाली पांढऱ्या मुळांची वीण,
इतकी घट्ट की झटकली तरी
दाणा सुटत नाही.

म्हातारी एम्बारका मुळांवरून बोटं फिरवते.
"कशाला धरून आहे हे?"
"एकमेकांना," नुएना म्हणते.

म्हातारी हसत नाही.
तिनं गावची मूठभर माती
दुधाच्या डब्यात ठेवलीय, पन्नास वर्षं होत आली.
त्यात काही उगवलं नाही.
कुणी पेरलंही नाही.

तेवढ्यात एक शेळी
चटईचा कोपरा ओढून पळाली.